अहिल्यानगर रेल्वेस्थानक : तिसरी दिशा

अहिल्यानगरचे रेल्वेस्थानक मूळ शहराच्या दक्षिणेस आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, तो केवळ या शहराच्या सोयीसाठी नव्हता. जी.आय.पी. रेल्वेची एक शाखा थळ घाटाने मनमाडकडे, तर दुसरी बोर घाटाने दौंडमार्गे सोलापूरकडे गेली होती. या दोन्ही शाखा कल्याणला वळसा न घालता जोडणारा हा सुमारे २३६ किलोमीटरचा मार्ग होय. नगर त्यावरील मधले ठाणे ठरले.

तरीही त्या रुळांनी जिल्ह्यातील व्यापाराचे केंद्र हलविले. बेलापूर गावासाठी दिलेल्या स्थानकाभोवती श्रीरामपूरची पेठ उभी राहिली. स्थानकाचे नाव आजही बेलापूरच आहे. नगरच्या कापड बाजारात, आडते बाजारात आणि दाळ मंडईत येणारा बाहेरगावचा माणूस मात्र दीर्घकाळ दोनच दिशांनी रेल्वेने येऊ शकत असे : उत्तरेकडील मनमाडहून किंवा दक्षिणेकडील दौंडहून. पूर्वेकडच्या आष्टी, कडा, बीड या गावांना रस्त्याचाच आधार होता.

नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाने ही उणीव भरून निघू लागली. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नवीन आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर प्रवासी गाडी धावली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, रेल्वे बीडला पोहोचली. नारायणडोह, लोणी, सोलापूरवाडी, धानोरा यांच्यापुढे कडा लागते. अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळेमुळे हे नाव समाजाला परिचित आहे.

नव्या मार्गाचे खरे मोल मात्र वेळापत्रकावर ठरेल. कड्याचा दुकानदार सकाळी निघून नगरला खरेदी करून संध्याकाळी घरी परतू शकला, तर जुन्या घाऊक पेठेचे गिऱ्हाईक टिकेल. तसे न झाल्यास तो रस्त्याने थेट पुण्याची वाट धरील.

पाथर्डी अद्याप रेल्वेपासून दूरच आहे. त्याच तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० मध्ये जन्मलेल्या पूज्य आचार्य आनंदऋषिजी म.सा. यांनी हा सारा प्रदेश पायी विहार करून जोडला; १९९२ मध्ये नगरलाच त्यांचे महाप्रयाण झाले. त्यांच्या २८ मार्चच्या पुण्यतिथीस येणाऱ्या बीड-आष्टीकडील कुटुंबांना आता आनंदधामच्या शहरात रेल्वेने उतरता येते.