क्षयाच्या जंतूस अनावृत पत्र

क्षयाच्या जंतू,

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी तुला पुराव्यानिशी जगापुढे आणलं. तोवर कित्येकांना तुझा आजार घराण्यातच आहे असं वाटे.

तुला पकडायची रीत आजही बरीचशी जुनीच आहे. बेडक्यातला घट्ट, पिवळसर भाग काडीने उचलून काचेवर पातळ पसरायचा, सुकवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. मग त्यावर कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत आच द्यायची, उकळू मात्र द्यायचं नाही. तुझ्या अंगावरच्या मेणचट थरात रंग सहजी शिरत नाही. पण एकदा शिरला की सल्फ्युरिक आम्लालाही दाद देत नाही. बाकी सगळ्याचा रंग उतरतो आणि ते मिथिलीन ब्लूने निळं होतं. त्या निळ्यात तू दिसतोस, बारीक, किंचित वाकलेली तांबडी काडी.

पण मिलिलिटरभर बेडक्यात तू साधारण पाच ते दहा हजारांच्या संख्येने नसलास, तर सूक्ष्मदर्शकाला सापडत नाहीस. म्हणून 'निगेटिव्ह' रिपोर्ट हातात देऊन रुग्णाला निर्धास्त घरी पाठवणं मला पटत नाही. कल्चर लावावं तर एकाचे दोन व्हायला तुला पंधरा-वीस तास लागतात. निकालाला कित्येक आठवडे जातात. गोव्यात बनणारं बॅटरीवरचं ट्रूनॅट यंत्र आता प्राथमिक आरोग्य केंद्रातही तुझा डीएनए तासाभरात ओळखतं. रिफाम्पिसिन या औषधाला तू जुमानतोस का, तेही पुढच्या चाचणीत कळतं. याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही तू निसटतोस, आणि बहुतेकदा नमुन्याची डबी देण्याच्या खिडकीपाशीच. डबी हातात ठेवून "थुंकी आणा" एवढंच सांगितलं की माणूस थुंकीच आणतो. सासू शेजारी उभी असलेली सून तर चारचौघांत खाकरायलाही लाजते. त्या पाणचट लाळेत तू नसतोस, मग यंत्र कितीही महागाचं असो. यंत्रांसाठी पैसा मिळतो तसा बेडका कसा काढायचा हे समजावणाऱ्या दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी माणूसही मिळाला पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

तोवर मी आहे. सकाळी उठल्यावर चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा, हे प्रत्येकाला सांगतो. लाळ आली तर न रागावता दुसरी डबी देतो.

— एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ