जपलेली पाने

आमच्या हिंगोली जिल्ह्यात जुने माळवदाचे घर पडले म्हणजे साऱ्या गावाला कळते. आधी भिंतीला पोट येते, तुळई वाकते, आणि एखाद्या पावसाळी रात्री धाडकन आवाज होतो. सकाळी शेजारीपाजारी जमून ढिगाऱ्यातून सागवानी दार, देवाचा टाक, एखादी पोथी बाहेर काढतात. पण संगणकाच्या महाजालावरचे घर पडते तेव्हा ना आवाज होतो, ना धूळ उडते. काल होते ते पान आज नसते, एवढेच!

महाजालावर घर कसले, असे कोणी विचारील. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ या सेवेने सामान्य माणसाला फुकट जागा देऊ केली. तिथे विषयवार वस्त्या होत्या. सिनेमावेड्यांची ‘हॉलिवूड’, विद्या-साहित्याची ‘अथेन्स’. लोकांनी तिथे आपले छंद, कविता, घरच्यांची छायाचित्रे मांडली. १९९९ मध्ये ‘याहू’ कंपनीने ही वसाहत विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी तिथली बंद केली.

त्या वर्षी जेसन स्कॉट या गृहस्थांभोवती काही स्वयंसेवक जमले. त्यांनी स्वतःला ‘आर्काइव्ह टीम’ म्हणवून घेतले आणि आपापल्या संगणकांवर जमतील तेवढ्या पानांच्या प्रती उतरवून घेतल्या. पगार नाही, मानधन नाही! २०१० साली सुमारे ६५० गीगाबाइटांचा तो ठेवा त्यांनी सर्वांना खुला केला. ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापन केलेली ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्थाही असेच काम करते.

या माणसांना वेडे म्हणावे, तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनाही म्हणावे लागेल. गावोगाव हिंडून, घराघरांतले जुने कागद मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. आणि आमच्या नरसीचे नामदेव महाराज? त्यांची ६१ पदे दूर पंजाबात शिखांच्या आदिग्रंथात, गुरुमुखी लिपीत जपली गेली. आपले धन पुष्कळदा परक्यांनीच सांभाळलेले असते!

हे सारे मला उगीच सुचले नाही. माझे मामा पुण्याला एका छापखान्यात संगणकावर अक्षरजुळणी करीत. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी २००२ साली एका मोफत सेवेवर तीन पानांत मांडल्या होत्या. पुढे ती सेवा बंद पडली. आजीही गेली. गेल्या वर्षी मामांच्या वहीत त्या पानांचा पत्ता सापडला. मी तो इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावर टाकला आणि पहिले पान उघडले! पण त्यावर मराठीचे एक अक्षर नव्हते, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

मामांना फोन केला. ते हसून म्हणाले, “अगं, काही बिघडलेलं नाही. त्याला त्याचा फॉण्ट पाहिजे.”

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकुरामागे बहुधा इंग्रजी अक्षरांचेच संकेत असत. विशिष्ट फॉण्ट असला तरच ते मराठी दिसत. म्हणजे मोडीसारखेच झाले. कागद शाबूत आहे, पण वाचणारा हवा. मामांनी एका जुन्या सीडीवरून तो फॉण्ट काढून पाठवला. मी तो संगणकावर चढवला, आणि आजीचे शब्द ओळीओळीने उमटले. दोन पाने मिळाली. तिसऱ्याची प्रत कोणी घेतलीच नव्हती. त्या पानावर आजीच्या माहेरच्या ओव्या होत्या. मामांना त्यांतली एकही पूर्ण आठवत नाही.

सातासमुद्रापलीकडच्या ज्यांनी ती दोन पाने जपली, त्यांना मराठी येत नसेल, जाते ठाऊक नसेल. तरी त्यांनी जपली. मग आपल्याला काय अवघड आहे? आपल्या गावाविषयी, बोलीविषयी कोणी हौसेने लिहिलेले पान दिसले, तर त्याचा पत्ता त्या संस्थेच्या संकेतस्थळावर भरावा. पानाची प्रत तिथे जमा होते आणि त्याला पैसा पडत नाही. जुन्या फॉण्टातले लेखन असेल तर फॉण्टही जपून ठेवावा, जमल्यास मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा. मोठ्यांचे चरित्र लिहायला पुष्कळ जण असतात. साध्या माणसांच्या दोन ओळी मात्र कोणीतरी वेळेवर उचलून ठेवाव्या लागतात.