हागीचा जुना हिशेब

क्योतोच्या निजो किल्ल्यात बूट बाहेर काढावे लागतात. नुसत्या मोज्यांनी निनोमारू महालाच्या ओसरीवर पाऊल टाकलं, की फळ्यांखालून चिवचिव सुरू होते. टाचा उचलून चाला, भिंतीच्या कडेने चाला, ती काही चुकत नाही. रात्री चोरपावलांनी येणारा मारेकरी पकडला जावा म्हणून जमीन मुद्दाम अशी बांधली, अशी आख्यायिका आहे. जाणकारांचं स्पष्टीकरण साधं आहे: फळ्या धरून ठेवणारे लोखंडी आकडे वापराने ढिले होऊन खिळ्यांवर घासतात, आणि वाजतात.

कादंबरीला अर्थातच आख्यायिका सोयीची. लियान हर्न या टोपणनावाने लिहिणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या लेखिका जिलियन रुबिनस्टाइन यांनी २००२ साली 'अॅक्रॉस द नायटिंगेल फ्लोअर' लिहिली. सरंजामी जपानवर बेतलेल्या या काल्पनिक जगात ताकेओचं गाव इइदा नावाचा सरदार बेचिराख करतो. पुढे ताकेओ काएदेच्या प्रेमात पडतो, आणि सुडासाठी त्याला इइदाच्या वाड्यातली अशीच बोलकी जमीन आवाज न करता ओलांडायची असते. ताकेओला आसरा देणाऱ्या ओतोरी घराण्याच्या गावाचं नाव मात्र लेखिकेने खऱ्या नकाशातून उचललं आहे: हागी.

हे खरं हागी यामागुची प्रांतात, जपानच्या समुद्राकाठी आहे. शिनकान्सेनने शिन-यामागुचीला उतरायचं आणि डोंगर ओलांडणारी बस धरायची. दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं सपाट गाव. टोकाला १४३ मीटर उंचीचा शिझुकी डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी किल्ल्याचा दगडी चौथरा. वर काहीच नाही.

इथल्या सुडापुढे कादंबरीतला सूड उतावळा वाटतो. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इएयासू जिंकला आणि पुढे शोगुन, म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश, झाला. हरलेल्या बाजूचा नामधारी सेनापती मोरी तेरुमोतो लढाईच्या वेळी ओसाकाच्या किल्ल्यात बसून होता. न लढताही किंमत मोजावी लागलीच. आठ प्रांतांचा धनी दोन प्रांतांवर आला, हिरोशिमा गेलं, आणि १६०४ साली या आडबाजूच्या किनाऱ्यावर नवा किल्ला बांधायला घ्यावा लागला. असं सांगतात, की दर नववर्षाला मोरींचे कारभारी धन्याला विचारत, शोगुनवर चालून जायची वेळ झाली का? धनी म्हणे, अजून नाही. हा प्रसंग खरोखर घडत होता की नंतर रचला गेला, हा वाद इतिहासकारांवर सोपवलेला बरा. सल मात्र खोटा नव्हता.

ती वेळ यायला अडीचशेहून अधिक वर्षं लागली. गावाच्या पूर्वेला, नदीपलीकडे, योशिदा शोइनची शाळा अजून उभी आहे. शाळा कसली, आठ ततामींची, म्हणजे आठ चटयांएवढी, खोली आणि मागून जोडलेला थोडा भाग. परदेशी जाण्यासाठी अमेरिकन आरमाराच्या जहाजावर चढू पाहिल्याबद्दल १८५४ साली कैद झालेला हा तरुण इथे शिकवायचा. १८५९ साली शोगुनशाहीने एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, त्याचा शिरच्छेद केला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे शोगुनशाहीशी झुंज घेतली. १८६७ साली निजोच्या त्याच महालात शेवटच्या शोगुनने सत्ता सोडत असल्याचं जाहीर केलं. १८८५ साली शोइनच्या त्या खोलीत शिकलेला इतो हिरोबुमी जपानचा पहिला पंतप्रधान झाला.

गोष्ट इथे थांबली असती तर कादंबरीसारखीच झाली असती. पण नव्या राजवटीत सामुराईंचे तनखे गेले. हागीच्या किल्ल्याचा मनोरा १८७४ साली पाडला गेला, तोही शत्रूने नव्हे. १८७६ साली शोइनचाच शिष्य माएबारा इस्सेइ याने असंतुष्ट सामुराईंना घेऊन हागीत बंड केलं. सरकारात त्याचे गुरुबंधू बसले होते. बंड मोडलं, माएबाराचा शिरच्छेद झाला.

बेकार सामुराईंनी अंगणात नात्सुमिकानची झाडं लावावीत, असा ध्यास त्याच काळात ओबाता ताकामासा या जुन्या सामुराईने घेतला. मोसंबीच्या कुळातलं हे फळ चांगलंच आंबट. जुन्या सामुराई आळीतल्या मातीच्या भिंतींवरून ती पिवळी-केशरी फळं अजून डोकावतात, आणि गावातल्या दुकानांत त्यांचा मुरंबा विकायला असतो.