पवनार ते धामणगाव

नागपूरहून निघालं की वर्ध्याच्या अलीकडे पवनार लागतं. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम. 1977 च्या जुलैत, सत्ता गेलेल्या इंदिरा गांधी विनोबांना भेटायला इथं आल्या होत्या. वर्ध्याने मात्र त्या मार्चमध्येही काँग्रेसचेच संतोषराव गोडे निवडून दिले होते.

पुढे वर्धा शहर, बजाजवाडी आणि 1928 साली जमनालाल बजाजांनी अस्पृश्यांसाठी उघडलेलं लक्ष्मीनारायण मंदिर. इथली खासदारकीही बराच काळ याच घरात होती: पहिल्या निवडणुकीत जावई श्रीमन्नारायण अग्रवाल, मग 1957 पासून तीनदा मुलगा कमलनयन. घराणेशाही हा अलीकडचा रोग आहे असं म्हणणाऱ्यांनी बजाजवाडीवरून एक चक्कर मारावी.

1980 ला वसंत साठे आले. रंगीत टीव्हीवाले मंत्री, तीनदा विजयी. आणि 1991 ला गांधींच्या या जिल्ह्याने त्यांना पाडून मार्क्सवादी रामचंद्र घंगारे दिल्लीला धाडले! पुढच्या वेळी भाजपचे विजय मुडे. मग दत्ता मेघे, प्रभा राव, सुरेश वाघमारे, पुन्हा मेघे. लागोपाठ दुसरी संधी कुणालाच नाही. मला तरी हा मतदार गांधीवादी वगैरे वाटत नाही. तो हिशेबी आहे, आणि ते काही वाईट नाही.

देवळीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कपाशी. हे पहिलवान रामदास तडस यांचं गाव. 2014 पाठोपाठ 2019 लाही निवडून येऊन त्यांनी तो पायंडा मोडला. 2024 ला मात्र आर्वीच्या अमर काळे यांनी त्यांना चीत केलं, तेही तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावर. साठे, मेघे, राव यांच्या मतदारसंघात त्या वेळी मतदानयंत्रावर काँग्रेसचा पंजाच नव्हता.

पुलगावला दारूगोळ्याचं मोठं लष्करी भांडार आहे. तिथून रेल्वेत बसलो. गाडी वर्धा नदी ओलांडते आणि जिल्हा बदलतो. धामणगाव अमरावती जिल्ह्यात, तिकडचं मोर्शीही. दोघांचा लोकसभा मतदारसंघ मात्र वर्धा. नदीच्या अलीकडे 1974 पासून दारूबंदी, पलीकडे दुकानं उघडी. खासदार दोन्ही काठांना एकच.