सज्ज्यांतील टोमॅटो

भाजी बाजारांतील टोपलींत पाहिली म्हणजे तिची किंमत कळते. तिचें मोल मात्र ती आपल्या हातानें वाढविल्यावांचून कळत नाहीं. 2023 सालच्या जुलै महिन्यांत टोमॅटो किलोमागें शंभर रुपयांच्याहि वर गेला, तेव्हां आमच्या डोंबिवलींत घरोघरीं त्याचीच चर्चा चाले. पुढें सप्टेंबरांत तोच टोमॅटो इतका उतरला कीं, ज्यांनीं तो पिकविला त्यांसच तो बाजारांत नेणें परवडेना. जुन्नर-नारायणगांवाकडे पिकणारें हें फळ एवढें लहरी कां, हा प्रश्न मला तेव्हां पडला; आणि त्याचें उत्तर शोधावयास मी शेतावर न जातां घराच्या सज्ज्यांत गेलों.

टोमॅटो मूळचा आपला नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत त्याचा जन्म. मेक्सिकोंत त्याचें संगोपन झालें, आणि सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपांत गेला. तेथील पुष्कळ लोक त्यास बराच काळ विषारी समजत. वांगें, मिरची व बटाटा हे त्याचे भाऊबंद. त्यांपैकीं वांगें तेवढें आपल्या बाजूचें. वऱ्हाडांत टोमॅटोस भेदरें म्हणतात. परदेशी पाहुण्यास देशी नांव मिळालें म्हणजे तो घरचा झाला असें समजावें.

याच कुळांत बोराएवढीं फळें देणारा चेरी टोमॅटो आहे, आणि त्यांतहि कांहीं जाती अगदीं बुटक्या आहेत. 'टायनी टिम' ही जात अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठानें 1945 सालीं प्रसिद्ध केली. ती हातभर उंच होते. 1989 सालीं फ्लोरिडांत निघालेली 'मायक्रो टॉम' तर वीतभरच. 2022 च्या अखेरीस 'रेड रॉबिन' नांवाची अशीच एक बुटकी जात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठविण्यांत आली. जें रोप अंतराळांतील पेटींत वाढूं शकतें, तें डोंबिवलीच्या सज्ज्यांत वाढावयास हरकत कोणती?

हरकत असलीच तर ती हवेची. रात्रीची उष्णता चोवीस अंशांच्या वर राहूं लागली कीं, टोमॅटोचीं फुलें फळ न धरितांच गळूं लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यांतील रात्री तितक्या निवत नाहींत, आणि पावसाळ्यांत सूर्यदर्शनच दुर्लभ. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस बीं पेरावें. तें आठवड्याभरांत उगवतें. चार पानें आलीं कीं रोप आठ-दहा इंची कुंडींत लावावें. माती, शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घ्यावा. सज्जा दक्षिणेकडचा असेल तर फारच उत्तम. ठाणें, कल्याण व डोंबिवली हीं शहरें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें 19 अंशांवर आहेत. डिसेंबरांत भर दुपारींहि सूर्य दक्षिणेस कललेला राहतो, व त्याचे तिरपे किरण सज्ज्यांत आंतपर्यंत येतात. मे महिन्यांत तोच डोक्यावर येतो आणि त्याच सज्ज्यांत सावली पडते.

फूल आपल्याच परागानें फळतें. परंतु तो पराग नळीसारख्या केसरांत कोंडलेला असतो. रानांत वारा तो झाडतो, किंवा भुंगा फुलास बिलगून अंग कांपवीत गुंजारव करितो व त्या कंपानें पराग गळतो. चौथ्या मजल्यावर भुंगा क्वचितच येतो. म्हणून सकाळीं फुलाच्या देंठास बोटानें हलकेच टिचकी द्यावी.

हा उद्योग मीं आरंभिला तो वास्तविक आईसाठीं. आमचें जुनें बैठें घर पाडून तेथें उंच इमारत उभी राहिली. जुन्या घरामागें विहीर, तिच्या पन्हळाशीं अळू व दारीं पारिजातक होता. नव्या घरांत सर्व सोयी होत्या. आईच्या हातांस मात्र काम उरलें नव्हतें. ती दिवसाकाठीं चार शब्दहि बोलेनाशी झाली. ऑक्टोबरांत सहा रोपें लाविलीं, तेव्हांपासून ती चहापूर्वींच सज्ज्यांत जाऊं लागली, आणि लौकरच मला मातीविषयीं हुकूम सोडूं लागली!

डिसेंबरांत फळें धरलीं असतां एका दुपारीं एक रोप हिरवेंगार असतांनाच मान टाकून बसलें. दुसऱ्या दिवशीं त्याच्या शेजारचें. पान पिवळें नाहीं, कीड नाहीं. मीं वाचलेली एक परीक्षा करून पाहिली. देंठाचा तुकडा पेल्यांतील निवळ पाण्यांत टांगला. थोड्याच वेळांत कापलेल्या टोंकांतून दुधासारखी पांढरी तार खालीं उतरूं लागली. हा मर रोग. याचे जंतु मातींत व पाण्यांत राहतात, मुळांवाटे शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवितात, आणि मग कोणतीहि फवारणी त्यास वांचवीत नाहीं.

तिसऱ्या रोपाचें एकच पान कलंडलें होतें, आणि सर्वांत अधिक फळें त्यासच होतीं. "आणखी दोन दिवस पाहूं," मी म्हणालों. आई म्हणाली, "दोन दिवसांत ह्याचें पाणी उरलेल्या तिघांच्या मुळांशीं जाईल. घरचें माणूस असतें तर मी उशाशीं बसलें असतें. झाड आहे, उपट." माझा हात होईना, तेव्हां तिनेंच तें समूळ काढिलें, मातीसह पिशवींत बांधिलें, आणि साबणानें हात धुतल्यावांचून दुसऱ्या कुंडीस शिवली नाहीं. हिरव्या फळांची तिळाचें कूट घालून चटणी केली. त्या दिवशीं जेवतांना ती आपल्या माहेरच्या मळ्याविषयीं पुष्कळ बोलली. इतकें ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

उरलेलीं तीन रोपें वांचलीं आणि मार्चपर्यंत वाटी-वाटीनें लाल फळें देत राहिलीं. पाणी खालच्या मजल्यावर ठिबकूं नये म्हणून कुंड्यांखालीं थाळ्या होत्या. डांस होऊं नयेत म्हणून त्या रोज रित्या करणें हें माझें काम. पहिली वाटी आईनें खालच्या काकूंकडे पाठविली.

बाजाराच्या हिशेबानें हा व्यवहार तोट्याचाच झाला. परंतु माझ्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें. रात्रीची थोडी अधिक उष्णता, किंवा पाटाच्या पाण्यांतून येणारा डोळ्यांस न दिसणारा जंतु, एवढ्यानें हें पीक हातचें जातें. तीन रोपें उपटतांना आमचा जीव कासावीस झाला. ज्याच्या शेतांत हजारों रोपें उभीं आहेत व ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याच्यावर अशी सकाळ आली म्हणजे काय होत असेल?

विद्यार्थिमित्रांनो, येत्या दसऱ्याच्या सुमारास एक कुंडी, मूठभर खत व चार बिया एवढें भांडवल घरांतील वडील माणसांच्या स्वाधीन करून पाहा. टोमॅटो किती येतील हें हवेवर अवलंबून आहे. परंतु तुम्हांस शिकविण्यासारखें त्यांच्यापाशीं किती आहे, तें पहिल्याच आठवड्यांत कळेल.