शिखराच्या पायथ्याशी

नवा डिटेक्टर आल्यापासून आमच्या एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या, खोलीत घाई शिरली आहे. पूर्वी रात्रभर चालणारा स्कॅन आता चहा येईपर्यंत संपतो आणि कप रिकामा व्हायच्या आत माझी विद्यार्थिनी डिसलोकेशन डेन्सिटीचा आकडा सांगून मोकळी होते. आकडा मी ऐकते, पण नजर जाते शिखरांच्या पायथ्याकडे. बॅकग्राउंडची रेघ हिने कुठून ओढली?

हा एक प्रश्न मला नोकरीभर पुरला. माझं बरंचसं काम 316एलएन पोलादावर झालं. कल्पाक्कमच्या 500 मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर अणुभट्टीचं मुख्य पात्र याच पोलादाचं आहे. तिथे गाभ्यातून वर येणारं सोडियम आराखड्यानुसार 547 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. अशा तापमानाला भाराखाली पोलाद वर्षानुवर्षं कणाकणाने ताणलं जातं, यालाच क्रीप म्हणतात, आणि आत डिसलोकेशन्स, म्हणजे स्फटिकातल्या दोषरेषा, सरकत, अडत, एकमेकींना धरत भिंती रचत जातात. क्रीपचा नमुना भार न काढता थंड केलेला असेल, तरच ती रचना आपल्या हाती लागते. घन मीटरला दहाचा चौदावा घात मीटर एवढी डेन्सिटी म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये 1 लाख किलोमीटर लांबीच्या रेषा. हा हिशेब मला आजही थक्क करतो.

आता अडचण बघा. क्ष-किरणांसाठी तांब्याची नळी लावली की पोलादातलं लोखंड फ्लुरोसन्सने सगळा पॅटर्न वर उचलतं. कोबाल्ट लावला की लोखंड गप्प बसतं, पण क्रोमियम बोलतच राहतं. 311 आणि 222 या शिखरांमध्ये तांब्याला जेमतेम पाच अंशांची जागा. कोबाल्टने ती वाढते, पण ताणाने रुंदावलेली शिखरंही त्याच प्रमाणात फुगतात. दोघांच्या शेपट्या मध्ये एकमेकींत मिसळतात आणि खरं बॅकग्राउंड कुठेच उघडं पडत नाही. रेघ जरा वर ओढली की शेपटी कापली जाते, शिखर अरुंद ठरतं, डेन्सिटी कमी निघते. त्याहून वाईट म्हणजे डिसलोकेशन्स एकमेकींना जितक्या घट्ट बांधलेल्या, तितकी शेपटी लांब. म्हणजे क्रीपने जे घडवलं, नेमकं तेच आपण कापून टाकतो. रुंदी टिपून विल्यमसन-हॉलची सरळ रेषा काढणाऱ्यांना याचा पत्ताही लागत नाही. उंगार यांनी 1996 मध्ये या रेषेत कॉन्ट्रास्ट फॅक्टर आणून 200चा बिंदू रेषेबाहेर का पडतो ते उलगडलं, पण बॅकग्राउंड कुठे धरायचं हे कोणत्याच सूत्रात येत नाही.

डिसलोकेशन्स थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघणाऱ्या टीईएमवाल्यांचंही मला पटत नाही. जेमतेम शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या फॉइलमधली चार सुंदर चित्रं दाखवून ते अख्ख्या नमुन्याबद्दल बोलतात. फॉइल पातळ करताना किती डिसलोकेशन्स पृष्ठभागातून निसटल्या, ते सांगत नाहीत. तरी परीक्षकांना चित्रच आवडतं. सॉफ्टवेअरवरही माझा राग आहे. पॉलिनॉमियल चार ठिकाणी हवा तसा वाकवायचा आणि फिट किती छान बसला म्हणायचं, हे मला मापन वाटत नाही.

माझी रेघ चांगली असते, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या विभागांतले लोक पॅटर्न घेऊन येतात, "एकदा नजर टाका ना" म्हणतात, आणि ते मला फार सुखावतं. कुणी बरेच दिवस आलं नाही तर चुकल्यासारखं होतं. ही हातोटी लिहून द्यायची टाळाटाळ मी वर्षानुवर्षं केली. वेळ नाही हे सांगायचं कारण होतं. लिहून दिली तर माझ्याकडे कोण येईल, हे खरं कारण. आता निवृत्ती तोंडावर आली आहे, म्हणून ती विद्यार्थिनीसाठी लिहायला घेतली आहे. शिखराच्या दोन्ही बाजूंना किती लांबवर मोजायचं, शेपटीवर किती काउंट जमेपर्यंत थांबायचं, रेघ थोडी वर-खाली करून आकडा किती हलतो ते कसं बघायचं, असं सगळं.

या धातूंवर काम करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. डेन्सिटी छापाल तेव्हा बॅकग्राउंड कुठून कुठवर घेतलं ते लिहा, आणि कच्चे काउंट सोबत द्या.