रुपयात किती आणे?

आजी रोह्याला मागच्या पडवीत शेवाळावरून घसरली, तेव्हा गणपतीला दहा-बारा दिवस राहिले होते. उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं. खुब्याचं हाड मोडल्याची खूण इतकी ठसठशीत असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आम्ही तिला उचललं, शेजाऱ्यांच्या जीपमध्ये बसवलं आणि पेणला निघालो. हो, बसवलं. दोन पायांमध्ये उशी ठेवून, पाय एकमेकांना बांधून, आडवं झोपवून न्यायचं असतं, हे नंतर कळलं. नागोठणे, वडखळ, हायवेवरचे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला ती माझं मनगट आवळायची आणि तोंडातून शब्द नाही.

एक्स-रे झाला, ऑपरेशन ठरलं, पण लगेच नाही. हृदयासाठी तिला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ती थांबवून काही दिवस गेल्याशिवाय कण्यात भुलीची सुई घालता येत नाही, आत रक्तस्राव होण्याची भीती असते. म्हणजे पाच दिवस नुसतं पडून राहायचं. पायाला चिकटपट्टी लावून खाटेच्या टोकाला वजन टांगलं. (अशा वजनाने ऑपरेशनआधीचं दुखणं कमी होतं का, हे कोक्रेनच्या आढाव्यात तपासलंय, फायदा दिसला नाही. आपल्याकडे वजन अजून लटकतंच आहे.)

राउंडला कोणी विचारलं, "आजी, दुखतंय का?" की ती म्हणायची, "काय नाय." फाइलवर लिहिलं जायचं, आराम आहे. मीही तेच धरून चाललो. शिवाय काकाने बजावलं होतं, जास्त पेनकिलर देऊ देऊ नको, या वयात किडनी जाते. तेही पूर्ण खोटं नाही. डायक्लोफिनॅकसारखी औषधं म्हाताऱ्या किडनीला जपूनच द्यावी लागतात. पण त्यामुळे पॅरासिटामॉलसुद्धा 'दुखलं तर'वर गेलं, आणि आजी मागणार कधीच नव्हती.

दुसऱ्या रात्री ती मला ओळखेना. मला तिच्या भावाच्या नावाने हाका मारत होती, भात भिजतोय म्हणत होती. मला वाटलं, गोळ्यांचं झालं.

सकाळी भुलीच्या डॉक्टर तपासायला आल्या. त्यांनी आधी तांब्या पाहिला. भरलेला होता. "पाणी पीत नाहीत का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्या आजीच्या कानाशी वाकल्या. "आजी, दुखणं रुपयाचं धरलं तर किती आणे?"

आजी विचार करून म्हणाली, "चार."

"आणि बेडपॅन घेताना?"

"पंधरा."

बेडपॅन लागू नये म्हणून ती दोन दिवस पाणी पीत नव्हती. डॉक्टर मला म्हणाल्या, झोपलेल्या माणसाला विचारून उपयोग नाही, हलवताना विचारायचं. आणि भ्रम फक्त औषधाने होत नाही, न आवरलेल्या दुखण्यानेही होतो, पाणी कमी पडल्यानेही.

दुपारी त्यांनी सोनोग्राफीच्या मशिनवर बघत जांघेखाली एक सुई दिली. फॅशिया इलियाका ब्लॉक म्हणतात त्याला. मांडीच्या स्नायूवरच्या पातळ पडद्याखाली भुलीचं औषध पसरतं आणि खुब्याकडून येणाऱ्या काही नसा बधिर होतात. मी विचारलं, रक्त पातळ आहे ना? म्हणाल्या, ही जागा कण्यासारखी खोल नाही, रक्त आलंच तर बाहेरून दाबून धरता येतं. सोबत पॅरासिटामॉल, घड्याळाप्रमाणे, मागितलं नाही तरी.

अर्ध्या तासाने सिस्टरने तिला कुशीवर वळवलं. मी मनगट पुढे केलं होतं. तिने धरलं नाही.

"किती आणे, आजी?"

"तीन." मग म्हणाली, "चहा मिळंल का?"

दोन कप प्यायली. खिडकीखालून कागदात गुंडाळलेल्या मूर्तींचा टेम्पो जात होता, तो बघत.

ब्लॉक जन्मभराचा नसतो. रात्री दोनच्या सुमाराला ती चुळबुळली. मी विचारलं. दहा, म्हणाली. वॉर्डात सगळे झोपले होते, सिस्टरही टेबलावर मान टेकून होत्या. "ऱ्हाऊ दे, सकाळी बघू," आजी म्हणाली.

मी जाऊन सिस्टरना उठवलं.